मंदीनंतरच्या जुन्या कारखानी शहरात काम कुठे असतं?

प्रश्न थोडक्यात असा: डेट्रॉइट, क्लीव्हलँड, यंग्सटाउन अशा अमेरिकेतल्या जुन्या कारखानी शहरांत २००८ च्या मंदीनंतर बेरोजगारीचा दर खाली आला, तरी तिथले लोक ‘काम नाही’ असंच म्हणत राहिले. मग खरं काय? आणि अशा शहरात काम शोधायचं तर सुरुवात कुठून करायची?

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. कागदावर हिशेब मांडून बघा. शहरात काम करणारे ८५,००० आणि काम शोधणारे १५,०००, म्हणजे श्रमशक्ती एक लाख आणि बेरोजगारी १५ टक्के. आता ४,००० जणांनी कंटाळून शोधणं सोडलं आणि ३,००० जण गाव सोडून गेले. शोधणारे उरले ८,०००, श्रमशक्ती झाली ९३,०००. दर उतरला ८.६ टक्क्यांवर. नोकऱ्या मात्र आधी ८५,००० होत्या, आत्ताही ८५,०००च आहेत. एकही नवी जागा न निघता दर जवळजवळ निम्मा झाला.

हे घडतं ते व्याख्येमुळे. अमेरिकी पाहणीत, तात्पुरती कमी केलेली आणि परत बोलावण्याची वाट बघणारी माणसं सोडली तर, गेल्या चार आठवड्यांत काम शोधायची काहीतरी खटपट केली असेल तरच माणूस बेरोजगार धरला जातो. उलट आठवड्यात एक तास मोबदला घेऊन काम केलं तरी तो ‘रोजगारात’ जमा होतो. शिवाय ही पाहणी देशभरातल्या सुमारे ६०,००० घरांची असते. एखाद्या शहराच्या वाट्याला त्यातली घरं फारच थोडी येतात, त्यामुळे शहराचा मासिक दर हा बराचसा गणिती अंदाज असतो आणि नंतर दुरुस्त होतो. त्याची दिशा बघावी, दशांश चिन्हापुढच्या आकड्यावर वाद घालू नये.

शहराची नाडी बघायची तर दुसरी आकडेवारी उघडा. बेरोजगारी विम्याचा कर भरताना मालक दर तिमाहीला कामगारांची संख्या आणि दिलेला पगार कळवतात. त्यावरून जिल्हानिहाय, उद्योगनिहाय मोजणी निघते, आणि देशातल्या ९५ टक्क्यांहून अधिक नोकऱ्या त्यात येतात. ती पाच-सहा महिने उशिरा येते हा तिचा दोष, पण ती खरी मोजदाद असते. त्यात तीन गोष्टी बघायच्या: एकूण नोकऱ्या वाढल्या का, वाढल्या त्या कोणत्या उद्योगात, आणि त्या उद्योगाचा सरासरी साप्ताहिक पगार किती. धातुकामातल्या शंभर नोकऱ्या जाऊन उपाहारगृहांत शंभर आल्या, तर एकूण आकडा जागेवरच राहतो, पण घराघरांत येणारा पैसा आटतो.

आता वेळेचा मुद्दा. मंदी ‘संपली’ याचा अर्थ घसरण थांबली, एवढाच. ती मंदी अधिकृतपणे डिसेंबर २००७ ते जून २००९ अशी होती. देशाचा बेरोजगारी दर १० टक्क्यांच्या शिखरावर गेला तो ऑक्टोबर २००९ मध्ये, म्हणजे मंदी ‘संपल्यावर’ चार महिन्यांनी. गेलेल्या नोकऱ्यांची एकूण संख्या भरून यायला मे २०१४ उजाडला. हे अख्ख्या देशाचं झालं. कारखानदारीतल्या नोकऱ्या २००० साली १ कोटी ७० लाखांहून जास्त होत्या, त्या २०१० च्या सुरुवातीला सुमारे १ कोटी १५ लाखांवर आल्या आणि पुन्हा जुन्या पातळीला पोहोचल्याच नाहीत. डेट्रॉइट शहरात २००९ च्या उन्हाळ्यात श्रमशक्तीतला चारातला एक माणूस बेकार होता. अशा शहरात ‘कारखाना परत उघडेल’ या आशेवर थांबणं सगळ्यात महागात पडतं.

कारखाना परत आला तरी त्याच्याबरोबर जुन्या नोकऱ्या येत नाहीत. यंग्सटाउनचंच घ्या. १९ सप्टेंबर १९७७ ला, ज्याला तिथे ‘ब्लॅक मंडे’ म्हणतात, यंग्सटाउन शीट अँड ट्यूब कंपनीनं कॅम्पबेल वर्क्समधलं बहुतेक काम बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि सुमारे ५,००० नोकऱ्या गेल्या. २०१० साली त्याच शहरात शेल वायूच्या विहिरींसाठी पोलादी नळ्या बनवणारी नवी गिरणी जाहीर झाली. गुंतवणूक ६५ कोटी डॉलर आणि नोकऱ्या सुमारे ३५०, म्हणजे एका नोकरीमागे अठरा लाखांहून अधिक डॉलर. गिरणी उत्तम, पण तिच्या कोनशिलेवर शहराच्या रोजगाराची भिस्त ठेवता येत नाही. त्यातून ती वायूच्या बाजाराला बांधलेली. भाव पडले की विहिरी थांबतात, आणि विहिरी थांबल्या की नळ्या.

मग माणसं कामाला लागतात ती कुठे? २००९ च्या मध्यावर, सगळ्यात वाईट महिन्यांत, अमेरिकेत एका रिकाम्या जागेमागे सहाहून अधिक बेरोजगार होते. तरीही त्याच महिन्यांत दर महिन्याला पस्तीस-छत्तीस लाख माणसं कुठे ना कुठे कामावर घेतली जात होती. कारण माणसं निवृत्त होतात, आजारी पडतात, गाव बदलतात, दुसरी नोकरी धरतात, आणि त्यांच्या जागा भराव्या लागतात. आकसणाऱ्या शहरात नव्या जागा जवळजवळ नसतात, जे असतं ते हेच रिकामं होणं. म्हणून शोधाचा प्रश्न बदलायचा. ‘कोण वाढतंय?’ यापेक्षा ‘कुठली माणसं साठीला आली आहेत आणि त्यांच्याशिवाय कुणाचं काम अडेल?’ हे विचारायचं.

हे विचारलं की यादी वेगळीच निघते. पाणीपुरवठा आणि सांडपाणी केंद्रांचे ऑपरेटर. रुग्णालयं, विद्यापीठं आणि मोठ्या इमारतींची बॉयलरघरं. डेट्रॉइटसारख्या शहरात बॉयलर चालवायला परवाना लागतो आणि तो परवाना हातात असलेली माणसं मोजकी. वीज कंपनीचे लाइनमन. आणि सगळ्यांत मोठा गट म्हणजे कारखान्यांतले देखभाल-दुरुस्तीवाले. उत्पादनाच्या ओळीवरची दहा माणसं रोबो घालवतो, पण तो रोबो रात्री दोन वाजता अडला की सोडवायला माणूस लागतोच. या माणसाला थोडं सगळं यावं लागतं: हायड्रॉलिक्स, न्यूमॅटिक्स, तीन-फेज मोटारी, बेअरिंग बसवणं, आणि पीएलसीच्या (यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या) लॅडर प्रोग्रॅममध्ये कुठला सेन्सर सिग्नल देत नाही ते वाचता येणं. प्रोग्रॅम लिहिता यायलाच हवा असं नाही. वाचता आला तरी अर्ज वरच्या गठ्ठ्यात जातो.

इथे पिट्सबर्ग या जुन्या पोलादी शहराचं उदाहरण लोक देतात, पण अर्धंच. जानेवारी १९८३ मध्ये त्या परिसरात बेरोजगारी १७ टक्क्यांच्या पुढे होती. आज यू. एस. स्टीलच्या ६४ मजली इमारतीच्या माथ्यावर यूपीएमसी या रुग्णालयसमूहाची अक्षरं आहेत, आणि २००९ च्या मंदीत त्या परिसराचा बेरोजगारी दर देशापेक्षा कमी राहिला. ‘पोलाद गेलं, शिक्षण आणि आरोग्य आलं’ असं ते सांगितलं जातं. सांगितलं जात नाही ते हे, की ऐंशीच्या दशकात तिथली तरुण पिढी मोठ्या संख्येनं गाव सोडून गेली. मागे राहिलेली लोकसंख्या म्हातारी झाली, म्हणून रुग्णालयं भरली, आणि कामाला माणसं थोडी उरली, म्हणून दर कमी दिसला. पोलाद कामगाराला थेट रुग्णालयात चांगली नोकरी मिळाली असं फारसं झालेलं नाही. दोन्ही कामांच्या मध्ये एक अख्खी पिढी आणि एक पदवी आहे.

रिकाम्या होणाऱ्या जागा जाहिरातीत उशिरा येतात, काही येतच नाहीत. पन्नास-साठ माणसांच्या वर्कशॉपमध्ये माणसं घेणारा वेगळा विभाग नसतो, फोरमन ओळखीत विचारतो. कुठे काम चाललंय हे कळायला सगळ्यात चांगला माणूस म्हणजे कुलंट, कटिंग टूल किंवा बेअरिंग विकणारा विक्रेता. कुणाची मागणी दुप्पट झाली आणि कुणी तीन महिने पैसे दिले नाहीत हे त्याला पाठ असतं. दुसरी खूण पार्किंगची: पाळी बदलायच्या वेळी दुपारी तीनच्या सुमारास गाड्या वाढल्या, तर दुसरी पाळी सुरू झाली आहे. सावरण्याचा क्रमही ठरलेला असतो. आधी असलेल्या माणसांचा ओव्हरटाइम वाढतो, मग कंत्राटी माणसं येतात, मग ले-ऑफवरची (काम नाही म्हणून घरी बसवलेली) परत बोलावली जातात, आणि शेवटी कायम भरती. २००९ च्या शरद ऋतूत कंत्राटी एजन्सींच्या नोकऱ्या वाढू लागल्या. एकूण नोकऱ्या त्यानंतर काही महिन्यांनी, २०१० च्या वसंतात वाढल्या. म्हणजे ओव्हरटाइम सुरू झाल्याचं कळलं की अर्ज तेव्हाच द्यायचा, जाहिरात येईपर्यंत रांग लागलेली असते.

उलट्या बाजूची खबर सरकारच देतं. १९८८ च्या ‘वॉर्न’ कायद्यानुसार शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला कारखाना बंद करण्याआधी किंवा मोठी कपात करण्याआधी ६० दिवस लेखी सूचना द्यावी लागते, आणि राज्यं या सूचनांची यादी जाहीर करतात. ती दर आठवड्याला बघावी. तुमच्याच कामाचे चारशे लोक अमुक तारखेला बाजारात येणार हे कळलं, तर त्याआधी अर्ज पोचवता येतो. बंद होणाऱ्या कारखान्याला माल पुरवणारे छोटे वर्कशॉप त्यापाठोपाठ हलतात, हेही त्याच यादीवरून आधी ओळखता येतं. शंभरपेक्षा कमी कामगार असलेले मालक मात्र या कायद्यात बसत नाहीत, आणि जुन्या शहरात बरीचशी पडझड तिथेच होते.

अंतर हा विषय लोक शेवटी बघतात, तो आधी बघायला हवा. डेट्रॉइट शहराच्या हद्दीतल्या बहुसंख्य नोकऱ्या बाहेर राहणाऱ्यांकडे आहेत, आणि शहरातले बहुसंख्य कामकरी उलटे उपनगरांत जातात. उपनगरी बससेवेतून काही उपनगरांनी अंग काढून घेतलेलं, आणि मोटारीचा विमा देशातल्या सगळ्यात महागड्यांपैकी. सकाळी सहाची पाळी आणि पहिली बस साडेपाचला, म्हणजे ती नोकरी नाहीच. घरापासून कामापर्यंत कोण कुठे जातं याचा नकाशा सेन्सस ब्युरोच्या ‘ऑन द मॅप’ या साधनात फुकट बघता येतो. त्यात आपला पिन कोड घालून आपल्या भागातली माणसं कुठे कामाला जातात ते पाहावं. तिथवर जायची सोय आधीच कुणीतरी काढलेली असते, बहुधा सामायिक गाडीची. तासाला १४ डॉलरच्या नोकरीत गाडी, पेट्रोल आणि विमा मिळून दिवसाला २० डॉलर गेले, तर आठ तासांच्या ११२ डॉलरांतले ९२ उरले, म्हणजे खरा दर साडेअकरा. तुलना या आकड्याशी करायची.

१४ डॉलर हा आकडा उगाच घेतलेला नाही. २००७ च्या करारात यूएडब्ल्यू या मोटार कामगारांच्या संघटनेनं तिन्ही मोठ्या मोटार कंपन्यांशी दुहेरी वेतनश्रेणी मान्य केली. जुन्या कामगाराला तासाला सुमारे २८ डॉलर, काही कामांत नव्यानं येणाऱ्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास. मंदीनंतर जी भरती झाली त्यातली पुष्कळशी या खालच्या पायरीवर, आणि त्याखाली कंत्राटी. कंत्राटी एजन्सीतून जाणं वाईट नाही, फक्त आधी चार प्रश्न विचारा. गेल्या बारा महिन्यांत या कारखान्यानं तुमच्याकडची किती माणसं कायम केली? किती तासांनंतर कायम करता येतं, आणि त्याआधी केलं तर कारखान्याला दंड भरावा लागतो का? आरोग्य विमा कधीपासून? हजेरीचे गुण (उशीर आणि गैरहजेरीची नोंद) कसे मोजले जातात? पहिल्याचं उत्तर ‘बऱ्याच जणांना’ असं आलं, आकडा आला नाही, तर समजून जा.

प्रशिक्षणात सगळ्यात जास्त माणसं फसतात, आणि बहुतेकदा हेतू चांगला असून आठवड्यांचा हिशेब चुकल्यामुळे. बेरोजगारी भत्ता साधारणपणे २६ आठवडे. त्या मंदीत केंद्राच्या मुदतवाढी धरून तो काही राज्यांत ९९ आठवड्यांपर्यंत गेला होता, पण मुदतवाढी संपतात. मिशिगननं तर २०१२ मध्ये मूळ मुदतच २० आठवड्यांवर आणली होती (ती परत २६ झाली २०२५ मध्ये), आणि तिथली कमाल रक्कम तोवर वर्षानुवर्षं आठवड्याला ३६२ डॉलरच होती. आता समोर दोन वर्षांचा नर्सिंगचा अभ्यासक्रम ठेवा. त्याआधी शरीररचना, रसायनशास्त्र अशा पूर्वअटी, त्याआधी गणिताची चाचणी, आणि वीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्या माणसाला त्या चाचणीनंतर बहुधा एक सत्र उजळणीचं. नंतर प्रवेशाची प्रतीक्षायादी. भत्ता पहिल्या पूर्वअटीलाच संपतो. माणूस मध्येच सोडतो, आणि हातात प्रमाणपत्र नाही, डोक्यावर कर्ज.

म्हणून आधी भत्त्याचे उरलेले आठवडे मोजा, त्यातून चार वजा करा (कागदपत्रांत तेवढे जातातच), आणि उरलेल्यात पूर्ण होणारा पहिला टप्पा निवडा. पण छोटा म्हणून काहीही नको. नर्सिंग सहायकाचं प्रशिक्षण केंद्रीय नियमानं किमान ७५ तासांचं, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत होतं. काम लगेच मिळतं, पगार मात्र कारखान्याच्या आसपासही नसतो आणि पाठीची वाट लागते. ट्रक चालवायचा परवाना काही आठवड्यांत होतो, पण पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. रक्तदाब १४०/९० च्या खाली असेल तरच पूर्ण दोन वर्षांचं प्रमाणपत्र मिळतं, आणि पंचवीस वर्षं कारखान्यात काढलेल्या अनेकांची गाडी तिथेच अडते. वेल्डिंग, सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रं), औद्योगिक देखभाल हे टप्प्याटप्प्यानं करता येतात. एका सत्रानंतर कामाला लागून उरलेलं संध्याकाळी करायचं. टूल अँड डाय (हत्यारं आणि साचे बनवणं) किंवा मिलराइटची (यंत्रं बसवणाऱ्याची) उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, साधारण चार वर्षांची, सुमारे ८,००० तासांची, पण त्यात पहिल्या दिवसापासून पगार असतो. म्हणून ती ‘लांब’ दिसली तरी खिशाला परवडणारी आहे.

वॉशिंग्टन राज्यातल्या कामावरून कमी झालेल्या कामगारांच्या अभ्यासात असं आढळलं की तांत्रिक, गणित आणि विज्ञानाच्या विषयांनी पुढच्या कमाईत बरीच भर पडते, बाकीच्या विषयांनी थोडीच. मिशिगनमध्ये ऑगस्ट २००७ मध्ये गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम यांनी सुरू केलेली ‘नो वर्कर लेफ्ट बिहाइंड’ योजना वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत, दोन वर्षं शुल्क देत होती, पण मागणी असलेल्या व्यवसायांपुरतीच, आणि ती अट योग्य होती. परदेशी स्पर्धेनं नोकरी गेलेल्यांसाठीची केंद्राची जुनी ‘ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स’ योजना त्याहून उदार होती, पण १ जुलै २०२२ पासून तिच्यात नवी प्रकरणं घेणं थांबलं आहे. जुन्या सल्ल्यांत तिचं नाव वाचून तिच्यावर हिशेब बांधू नका. राज्याच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, किती कामाला लागले, मधला पगार किती, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही: विद्यार्थी मदतीचा अर्ज आधीच्या वर्षांचं उत्पन्न धरतो, त्यामुळे नुकताच बेकार झालेला माणूस कागदावर श्रीमंत दिसतो. महाविद्यालयाच्या आर्थिक मदत कार्यालयात ले-ऑफचं पत्र देऊन उत्पन्न नव्यानं ठरवायची लेखी विनंती करा. तो अधिकार त्यांना आहे, पण मागितल्याशिवाय ते वापरत नाहीत.

अर्जाबद्दल एवढंच: ‘२२ वर्षं प्रेस ऑपरेटर’ हे वाक्य जुन्या कारखान्याबाहेर कुणाला काही सांगत नाही. प्रेस किती टनांची, डाय बदलायला किती मिनिटं लागत, कंट्रोलर कोणत्या कंपनीचा, फॅनक की अ‍ॅलन-ब्रॅडली, मोजमाप किती हजारांश इंचापर्यंत, तपासणी कोण करायचं, नव्या माणसांना कोण शिकवायचं, हे लिहा. अंतर्गत हुद्द्यांची नावं आणि विभागांचे क्रमांक काढून टाका.

पगाराची अपेक्षा हा नाजूक भाग. पेनसिल्व्हेनियात ऐंशीच्या दशकात दीर्घ सेवेनंतर कामावरून गेलेल्या कामगारांचा जेकबसन, लालोंद आणि सलिव्हन यांनी अभ्यास केला. नोकरी जाऊन पाच-सहा वर्षं झाली तरी त्यांची कमाई, नोकरी टिकली असती तर जी असती त्यापेक्षा सुमारे २५ टक्के कमी होती. म्हणजे २८ डॉलरवाल्याला २१ डॉलरची जागा ही मुळीच नाचक्की नव्हे, तो अशा बाजाराचा सरासरी भाव आहे. २८ च्या हट्टानं वर्ष गेलं तर दुसराच तोटा होतो. अमेरिकेतल्या शंभर शहरांत बनावट अर्ज पाठवून केलेल्या प्रयोगात दिसलं की बेकारीचे महिने वाढले की मालकांचे फोन कमी होतात, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच होते. त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे: जिथे बाजार मंदा आहे तिथे ही घसरण सौम्य असते, कारण सगळेच बेकार असताना मालक एकट्या माणसाला दोष देत नाही. बाजार सुधारू लागला की तोच रिकामा काळ डोळ्यांत खुपतो. त्यामुळे परत बोलावण्याच्या यादीत नाव असलं तरी मधल्या काळात मिळेल ते काम धरा. फक्त ते धरल्यानं परत जायचा हक्क जातो का, हे संघटनेच्या करारात वाचून, प्रतिनिधीकडून लेखी घेऊन. आणि अर्धवेळ काम मिळालं की त्या आठवड्याच्या भत्त्याच्या दाखल्यात कमाई त्याच आठवड्यात लिहा, पगार हातात येईल तेव्हा नव्हे. बहुतेक राज्यांत काम केलेला आठवडा धरतात. पुढे भत्ता परत मागण्याच्या नोटिसा येतात त्यातल्या कितीतरी या एका चुकीच्या असतात. पगाराच्या पावत्या आणि भरलेल्या दाखल्यांच्या प्रती दोन-तीन वर्षं फाइलला लावून ठेवा.